तीनशेपैकी एक : मर्यादित आवृत्तीचा कॅमेरा आणि 'कंट्रोल'चा प्रश्न



समजा, तुमच्यासमोर टेबलावर दोन कॅमेरे ठेवलेत. दोन्हींत सेन्सर एकच, आतली इलेक्ट्रॉनिक्स एकच, पुढे लावलेली ५० मिलिमीटरची लेन्सही एकाच जातीची. पहिल्याची किंमत लेन्ससकट साधारण बारा हजार डॉलर आणि दुसऱ्याची पंचवीस हजार. दुसऱ्याची बाह्यरचना वेगळी आहे, त्यावर पिवळसर छटेचं वासराचं मऊ कातडं आहे आणि असे कॅमेरे जगात फक्त तीनशे आहेत. आता सांगा, वरचे तेरा हजार कशाचे?

हा प्रश्न मी बसून रचलेला नाही. पहिला कॅमेरा म्हणजे लायका एम९-पी. २०११ मध्ये तो आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत ७,९९५ डॉलर होती आणि सोबतची लेन्स चार हजारांच्या आसपास. दुसरा म्हणजे २०१२ ची 'एडिशन एर्मेस'. एर्मेस हे पॅरिसचं चामड्याच्या वस्तूंचं जुनं घराणं. याच जोडीत आणखी वरची एक पायरी होती, ती त्या घराण्याचे दिवंगत प्रमुख जाँ-लुई ड्युमा यांच्या नावाची. त्यात तीन लेन्सेस, एक बॅग आणि ड्युमांनी काढलेल्या फोटोंचं पुस्तक मिळायचं. संच फक्त १००, किंमत ५०,००० डॉलर.

तुम्ही म्हणाल, रिसर्चची तयारी करणाऱ्यांना श्रीमंतांच्या कॅमेऱ्यांचं काय करायचंय? स्टायपेंडच्या पैशात तर त्याची बॅगही यायची नाही. खरं आहे. पण मला ही जाहिरातबाजी एका कारणासाठी वाचण्यासारखी वाटते. आपण प्रयोगात जो 'कंट्रोल' ठेवतो, तो इथे बाजारानं आयता मांडून दिलाय. बाकी सगळं जवळपास तेच, फक्त एक गोष्ट बदललेली. आणि तरीही जाहिरात वाचणाऱ्याला त्या बदलाचं नाव सांगता येत नाही. हे असं का होतं, ते बघू.

फोटॉनला नंबर वाचता येत नाही

आधी सोपा भाग. एम९ आणि एम९-पीमध्ये कोडॅकनं बनवलेला १८ मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर आहे. त्यातला एक पिक्सेल ६.८ मायक्रॉनचा. एका पिक्सेलवर प्रकाशाचे सरासरी १०,००० फोटॉन नोंदले गेले, तर निव्वळ प्रकाशाच्या स्वभावामुळे त्या मोजणीत साधारण १०० फोटॉनची चढउतार होते, म्हणजे वर्गमुळाइतकी. याला शॉट नॉइज म्हणतात. लेन्स तीच, छिद्र तेवढंच, शटरचा वेग तोच असेल, तर फोटॉन तेवढेच येणार आणि नॉइजही तेवढाच राहणार. वरचं कातडं वासराचं आहे की रेक्झिनचं, याची दखल कुठलाच फोटॉन घेत नाही.

ही गोष्ट पुढे फार कडवटपणे सिद्ध झाली. या सेन्सरवर एक पातळ काच असते. काही वर्षांनी त्या काचेला गंज धरतो आणि फोटोत बारीक ठिपके दिसायला लागतात, असं लक्षात आलं. २०१४ मध्ये कंपनीनं हा दोष मान्य केला आणि सेन्सर बदलून द्यायला सुरुवात केली. आता गंमत बघा. हा दोष काचेच्या रसायनाचा होता, त्यामुळे ज्या ज्या कॅमेऱ्यात ती काच होती तिथे तिथे धोका होता. मग तो साधा एम९ असो, नाहीतर पंचवीस हजारांचा.

म्हणजे उपकरण म्हणून फरक जवळपास शून्य. इथवर सगळेच येतात आणि "श्रीमंतांचे चोचले" म्हणून विषय मिटवतात. पण तसं केलं तर आपली समीक्षा अर्धीच राहील. माणसं तेरा हजार डॉलर देतात तेव्हा काहीतरी विकत घेतातच. ते काय आहे?

मग तेरा हजार कशाचे?

न्यायानं बोलायचं तर यातला काही भाग खरा खर्च आहे. साचे, डिझायनरचं मानधन, वेगळी जुळणी हे सगळं तीनशे नगांवर वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतं. २०१० मध्ये वॉल्टर दे सिल्व्हा या मोटारींच्या डिझायनरनं 'एम९ टायटन' रचला. त्याची बॉडी खरोखर टायटॅनियमची होती आणि टायटॅनियम कापायला अवघड धातू आहे. नग ५००, किंमत लेन्ससकट २२,००० युरो. तेव्हा आपला कंट्रोल तंतोतंत नाही, हे आधी लिहून ठेवा. ज्या प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलतात, त्यातून एकीचा परिणाम वेगळा काढताना जपून बोलावं लागतं.

उरलेल्या भागासाठी अर्थशास्त्रात जुनी नावं आहेत. थॉर्स्टीन व्हेब्लेननं १८९९ मध्येच लिहून ठेवलं की काही खर्च दिसण्यासाठीच केला जातो. १९५० मध्ये हार्वे लायबेनस्टाइननं त्याची नीट फोड केली. किंमत जास्त आहे म्हणूनच वस्तू हवीशी वाटणं, हा व्हेब्लेन परिणाम. इतरांकडे नाही म्हणून हवीशी वाटणं आणि इतरांकडे आली की नकोशी होणं, हा स्नॉब परिणाम. मर्यादित आवृत्ती या दोन्हींवर उभी असते. पण कॅमेऱ्यावर कोरलेला नंबर खास दुसऱ्या परिणामासाठी आहे. तो सांगतो की तुमच्यासारखे फार नाहीत, आणि पुढेही होणार नाहीत.

मानसशास्त्रातला एक प्रयोग तर इथे चपखल बसतो. १९७५ मध्ये स्टीफन वॉर्चेल आणि सहकाऱ्यांनी काही जणांना बिस्किटं दिली. काहींच्या बरणीत दहा होती, काहींच्या बरणीत दोन. बिस्किटं तीच. दोनवाल्यांना ती अधिक हवीशी वाटली. पण चव विचारली तेव्हा दोनवाल्यांनी ती काही जास्त चांगली लागते असं सांगितलं नाही! म्हणजे टंचाईनं हव्यास वाढला, चव तिथेच राहिली. हे आपल्याला कळतं, कारण संशोधकांनी या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या. एकच प्रश्न विचारला असता, "बिस्किट कसं वाटलं?", तर दोन्ही एकात मिसळून गेलं असतं.

माझा या जाहिरातींवरचा मुख्य आक्षेप इथेच आहे. त्या मुद्दाम एकच प्रश्न विचारतात. दुर्मिळतेची किंमत त्या उपकरणाच्या रकान्यात मांडतात. शब्द पाहा : कारागिरी, वारसा, छायाचित्रणाचं सार. वाचणाऱ्याला वाटतं की आपण उत्तम फोटोसाठी पैसे देतोय. सरळ "हा कॅमेरा तीनशे जणांकडेच असेल आणि त्याचेच हे पैसे" असं म्हटलं असतं, तर माझी तक्रार नव्हती. पैसे त्यांचे, हौस त्यांची.

आणखी एक विसंगती आहे. लायकाच्या वारशाची गोष्ट निघाली की ऑन्री कार्तिए-ब्रेसाँचं नाव हमखास निघतं. हा माणूस आपल्या कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीनं झाकायचा, रस्त्यावर कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. ज्याला कॅमेरा लपवायचा होता, त्याच्या पुण्याईवर कॅमेरा दाखवण्याचा धंदा चालतो.

छेदाकडे बघा

'५०० पैकी एक' हा अपूर्णांक आहे, आणि अपूर्णांक दिसला की आधी छेद तपासायचा ही आपली सवय हवी. इथला छेद आहे त्या एका आवृत्तीचे नग. ती संख्या कंपनी पाळते, त्यात लबाडी नाही. पण आवृत्त्या किती?

मी फक्त सात नावं घेते. २०१० चा टायटन, ५०० नग. २०१२ चा एर्मेस, दोन्ही मिळून ४००. २०१४ मध्ये एम-मालिकेला साठ वर्षं झाली म्हणून 'एडिशन ६०', ६०० नग. २०१५ मध्ये गायक लेनी क्रॅव्हिट्झच्या नावाचा 'करस्पॉन्डंट', १२५. २०१८ चा झागाटो, २५०. २०२१ चा बाँडपटाचा '००७', २५०. २०२२ मध्ये डॅनियल क्रेग आणि ग्रेग विल्यम्स यांच्या नावाचा, ७५०. बेरीज झाली २,८७५. आणि ही यादी कुठल्याही अर्थानं पूर्ण नाही. प्रत्येक आवृत्ती मर्यादित असते, पण आवृत्त्यांच्या संख्येला मर्यादा नसते.

हे तुम्हाला ओळखीचं वाटायला हवं. एखाद्यानं वीस चाचण्या केल्या आणि त्यातली एक 'सिग्निफिकंट' आलेली छापली, तर ती एक चाचणी खोटी नसते. लपवलेला असतो तो छेद.

"पण हे कॅमेरे गुंतवणूक म्हणून चांगले," असंही सांगितलं जातं. त्याला दाखला दिला जातो लिलावांचा. २०२२ मध्ये वेट्झलारला लायकाच्या '०-मालिके'तला १०५ क्रमांकाचा कॅमेरा १.४४ कोटी युरोला गेला. तो कॅमेरा ऑस्कर बार्नाकचा स्वतःचा होता, म्हणजे ज्यानं लायका घडवला त्याचा. पण १९२० च्या दशकात ही मालिका काढली होती ती बाजाराची चाचपणी करायला. नग वीस-पंचवीसच निघाले, कारण चाचणीला तेवढेच लागतात. ते दुर्मिळ व्हावेत म्हणून कुणी बनवले नव्हते. तिथे दुर्मिळता हा इतिहासाचा परिणाम आहे आणि मर्यादित आवृत्तीत तीच उद्दिष्ट. पहिल्यावरून दुसऱ्याचा भाव काढणं म्हणजे एका लोकसंख्येचा नमुना घेऊन भलत्याच लोकसंख्येबद्दल निष्कर्ष काढणं. शिवाय तो लिलाव करणारी संस्थाही लायकाच्याच परिवारातली आहे. हितसंबंध जाहीर करण्याची ओळ पेपरच्या शेवटी का असते, ते इथे कळतं.

घासून दिलेला रंग

माझ्या मामाचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत तो महिना महिना घरी नीट जेवायला नसायचा. त्याच्या काळ्या निकॉनचा रंग दोनच जागी उडाला होता : उजव्या हाताचं बोट टेकतं तिथे आणि खाली डाव्या तळव्यावर कॅमेरा पेलतो तिथे. लहानपणी मला ते जुनाट वाटायचं. आता कळतं की ती नोंद होती. कुठल्या हातानं, किती वर्षं, कसा धरला, हे त्या झिजेवरून वाचता येत होतं.

'करस्पॉन्डंट' या आवृत्तीत हीच झीज कारखान्यात हातानं करून दिली होती. काळा रंग कडांवर घासलेला, खालचं पितळ चमकतंय. करस्पॉन्डंट म्हणजे वार्ताहर. कॅमेरा युद्धभूमीवरून, दंगलीतून, पावसापाण्यातून फिरून आल्यासारखा दिसावा आणि प्रत्यक्षात डब्यातून नुकताच निघालेला असावा. क्रॅव्हिट्झचे वडील वृत्तक्षेत्रात काम करायचे, त्यांना ही मानवंदना होती. त्या भावनेचा मला आदर आहे. शिवाय रंग आम्हीच घासलाय हे कंपनीनं लपवलं नव्हतं, म्हणून याला फसवणूक म्हणता येणार नाही.

तरीही १२५ कॅमेऱ्यांवर नक्षीसारखी काढलेली ही झीज मला अस्वस्थ करते. झिजेत माहिती असते, कारण तिच्यामागे एक प्रक्रिया असते. प्रक्रिया वगळून फक्त तिचा ठसा उमटवला, की उरतो तो आकार. आपल्या क्षेत्रात हेच कुणी केलं, म्हणजे गुळगुळीत वक्रावर थोडा नॉइज शिंपडून तो 'मोजलेला' वाटेल असा केला, तर आपण त्याला काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. इथे तसं लबाडीचं काही नाही, पण भूक तीच आहे : काम न करता काम केल्याच्या खुणा हव्यात. मामाचे हात या किमतीत कुठेच धरलेले नाहीत आणि विकली जातेय ती त्या हातांचीच खूण. मला राग येतो तो याचा.

एक फसलेलं आणि एक टिकलेलं

एकाच कंपनीवर बोललं तर नमुना एकांगी होईल, म्हणून दुसरं उदाहरण. स्वीडनची हॅसलब्लाड. १९६९ मध्ये अपोलो ११ सोबत चंद्रावर गेलेले कॅमेरे यांचे. २०१२ च्या फोटोकिना प्रदर्शनात त्यांनी 'लूनर' जाहीर केला. लाकडाची, चामड्याची मूठ, इटालियन डिझाइन, किंमत पाच हजार युरोच्या आसपास. आतमध्ये मात्र सोनीचा एनईएक्स-७ होता, जो बाराशे डॉलरला दुकानात मिळत होता. छायाचित्रकारांनी भरपूर टिंगल केली आणि काही वर्षांत कंपनीनं ही वाट सोडली. २०१६ मध्ये त्यांनी स्वतः घडवलेला एक्स१डी आणला, तेव्हा पुन्हा त्यांच्याकडे उपकरण म्हणून पाहिलं जाऊ लागलं.

एर्मेस चालला आणि लूनर का फसला? माझं गृहीतक असं. आमोत्झ झहावी या जीवशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये मांडलं की खूण विश्वासार्ह ठरते ती महाग असल्यामुळे. अशक्त मोराला जड पिसारा परवडत नाही. लायकाच्या नंबरामागे निदान एक खरी किंमत आहे : तीनशेवर थांबायचं वचन, म्हणजे पुढची विक्री सोडून देणं. लूनरमागे असं काही सोडलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला लावलेली मूठ सगळ्यांना दिसत होती. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. दोन उदाहरणांवरून निष्कर्ष काढू नका, माझ्यासाठीसुद्धा नाही.

आणि एक टिकलेलं. वर उल्लेख केलेल्या 'एडिशन ६०'मध्ये एक खरी कल्पना होती. डिजिटल कॅमेरा, पण मागे स्क्रीनच नाही. काढलेला फोटो लगेच बघायचा नाही, पुढच्या क्षणाकडे बघायचं. आवडो न आवडो, यानं काम करण्याची पद्धत बदलते. २०१६ मध्ये हीच कल्पना 'एम-डी' या नेहमीच्या मॉडेलमध्ये आली. नगांची मर्यादा नाही, बॉडीची किंमत ५,९९५ डॉलर. माझ्या मते ही कुठल्याही विशेष आवृत्तीची चांगली परीक्षा आहे : नंबर पुसला तर काही उरतं का? एडिशन ६० मध्ये उरलं. करस्पॉन्डंटमध्ये काय उरतं, तुम्हीच बघा.

फरक कुठल्या ओळीत आहे?

आता घरची गोष्ट. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या मायक्रोस्कोपसाठी कॅमेरा घ्यायचा होता. दोन कोटेशन्स आली. एकाची किंमत दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. मी महागाच्या बाजूनं होते, आणि कारण काय? ज्या लॅब्जचे पेपर मी रात्र रात्र वाचायचे, त्यांच्या 'मेथड्स'मध्ये तेच नाव असायचं. मॅडमनी दोन्ही डेटाशीट्स माझ्यासमोर ठेवल्या आणि एवढंच म्हणाल्या, "फरक कुठल्या ओळीत आहे, ते दाखव."

मी दोन दिवस ओळ न् ओळ ताडून पाहिली. सेन्सर एकाच बनावटीचा निघाला. फरक होता तो कूलिंगमध्ये. महागडा कॅमेरा सेन्सर बराच जास्त थंड ठेवायचा, आणि मिनिट मिनिटभर एक्सपोजर द्यायचं असेल तर त्याचा खरोखर उपयोग असतो. आमचं एक्सपोजर होतं ५० मिलिसेकंदांचं. तेवढ्या वेळात सेन्सरच्या उष्णतेमुळे येणारा नॉइज नगण्य. वाचलेल्या पैशांतून पुढच्या दोन वर्षांची रसायनं आली. ती नसती, तर माझा तिसरा चॅप्टर झाला नसता.

नीट बघा, महागडा कॅमेरा 'फुकटचा महाग' नव्हता. दुसऱ्या कुठल्या प्रयोगासाठी तोच घ्यायला हवा. चूक माझी होती. मी नावाची किंमत उपकरणाच्या रकान्यात लिहीत होते. त्या जाहिराती वाचणाऱ्या धनवान छायाचित्रकाराला मी हसायचे, आणि माझी अवस्था त्याच्याहून वाईट होती, कारण तो स्वतःचे पैसे उडवतो आणि मी सरकारी ग्रँटचे उडवणार होते.

तुमच्यातले बरेच जण आता गाईड, संस्था, विषय निवडाल. तिथेही नंबर कोरलेले असतात : "दरवर्षी दोनच विद्यार्थी घेतात," "या जर्नलमध्ये शंभरातले पाचच पेपर लागतात." हे खरं असेल, आणि त्यामागे गुणवत्ताही असू शकेल. पण टंचाई आणि चव हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते वेगवेगळे विचारा. त्या लॅबमधून बाहेर पडलेल्यांशी बोला. पेपरमधला कंट्रोल बघा. छेद शोधा.

एक गृहपाठ देते. तुम्हाला मनापासून हवी असलेली कुठलीही एक 'विशेष' गोष्ट घ्या, फोन चालेल, कोर्स चालेल, संस्थाही चालेल. कागदावर तीन रकाने आखा : काय तेच आहे, काय बदललंय, आणि त्या बदलाचा माझ्या कामावर होणारा परिणाम कसा मोजता येईल. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी ती गोष्ट घ्यायला हरकत नाही. फक्त पैसे कशाचे देतोय, ते त्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहून ठेवा.